विंडोज १० चा सपोर्ट संपला, आता दुकानातला कॉम्प्युटर भंगारात द्यायचा का?

पत्र थोडक्यात असं: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका ताईंनी लिहिलंय, नाव-गाव देत नाही. घराच्या समोरच्या खोलीत त्यांचं ऑनलाईन फॉर्म, प्रिंट, झेरॉक्सचं दुकान आहे. कॉम्प्युटर सेकंडहँड घेतलेला, प्रोसेसर आय३ चौथी जनरेशन, ४ जीबी रॅम, साधी ५०० जीबीची हार्डडिस्क, विंडोज १०. दिवाळीपासून स्क्रीनवर मेसेज येते की सपोर्ट संपला. सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात. सकाळी कधी कधी सरकारी साईटच उघडत नाही, 'कनेक्शन प्रायव्हेट नाही' असं येते आणि घड्याळपण मागे गेलेलं असते. तालुक्याचा दुकानदार म्हणाला की यात विंडोज ११ बसतच नाही, हे भंगार झालं, नवीन घ्या ४८,००० चा, नाहीतर ३,१०० चे १८ हप्ते पाडून देतो. गावातला एक पोरगा ५०० रुपयात ११ टाकून देतो म्हणते. घरात २२,००० आहेत पण ते बोअरची मोटर बदलायला ठेवलेले, शेतात हरभरा उभा आहे. गावात दुसरं सेंटर उघडलं, तिथे नवा लॅपटॉप, गिऱ्हाईक तिकडे वळलं. घरचे म्हणतात दुकानच बंद कर. ताई विचारतात, हप्ते पाडून नवीन घेऊ, ११ टाकून घेऊ, की बंद करू? आणि जुना कॉम्प्युटर आठवीतल्या पोराला देता येईल का?

ताई, नमस्कार.

पहिले तर घाबरू नका, आणि या महिन्यात हप्त्याच्या कुठल्याच कागदावर सही करू नका. तुम्ही लिहिलं की "कॉम्प्युटर संपला असंच समजा", पण तुमच्या पत्रात मला चार वेगवेगळ्या तक्रारी दिसून राहिल्या. हळू चालणं वेगळं, साईट न उघडणं वेगळं, सपोर्टचा मेसेज वेगळा, आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जाणं तर एकदमच वेगळं. दुकानदाराने या चारही गोष्टींना एकच उत्तर दिलं, ४८ हजाराचं. तो खोटं बोलला असं मी म्हणत नाही. चौथ्या जनरेशनच्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही हे खरंच आहे. पण त्यावरून मशीन भंगार झालं हे काही ठरत नाही.

सगळ्यात सोप्यापासून सुरू करू. सकाळी घड्याळ मागे जाते आणि साईट उघडत नाही म्हणता ना, ही एकच गोष्ट आहे आणि तिचा विंडोज १० शी काहीही संबंध नाही. मदरबोर्डवर एक गोल चपटा सेल असते, सीआर २०३२ नावाचा, कॉम्प्युटरची लाईट बंद असताना तारीख-वेळ तोच सांभाळते. तो संपला की रात्री बटण बंद केलं किंवा लाईट गेली की तारीख जाते पाच-दहा वर्षं मागे. आणि प्रत्येक सुरक्षित साईटकडे एक प्रमाणपत्र असते ज्यावर 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असते, ब्राउझर ते तुमच्या कॉम्प्युटरच्या तारखेशी ताडून पाहते. तुमच्या मशीनवर २०१५ साल दिसत असेल तर त्याला वाटणारच की हे प्रमाणपत्र अजून लागूच झालं नाही, मग तो अडवते. आपल्याकडे लोडशेडिंगमुळे आणि रोज रात्री मेन बटण काढून ठेवायच्या सवयीमुळे (विजा कडाडतात तेव्हा ते बरोबरच आहे) हा सेल लवकर संपते. घड्याळवाल्याकडे, इलेक्ट्रिकच्या दुकानात कुठेही भेटते, नाश्त्याच्या पैशात येते. कॉम्प्युटरची वायर काढा, जुना सेल कसा बसलाय ते पाहून ठेवा, नवीन तसाच बसवा, तारीख लावा. तुमची निम्मी कटकट इथेच जाईल असं मला वाटते.

आता हळू चालण्याचं. दुकानदार म्हणते प्रोसेसर जुना, म्हणून हळू. तुम्ही स्वतः पाहा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडते, त्यात 'डिस्क' असं लिहिलेल्या रकान्याकडे पाहा. सुरू झाल्यावर तो बराच वेळ १०० टक्क्यांवर अडकून राहत असेल आणि सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) मात्र खालीच असेल, तर मशीन प्रोसेसरसाठी थांबून नाही राहिलं, हार्डडिस्कसाठी थांबून राहिलं. फिरणाऱ्या तबकडीच्या डिस्कवर विंडोज १० असंच चालते, मशीन कितीही नवं असो. त्या जागी २४०-२५० जीबीची एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) टाकली की तेच दहा मिनिटांचं काम मिनिटभराच्या आसपास येते, हे मी कितीतरी शाळांमधल्या आणि ग्रामपंचायतीमधल्या जुन्या मशीनवर पाहिलंय. भाव आजकाल वरखाली होऊन राहिले म्हणून आकडा सांगत नाही, दोन-तीन ठिकाणी विचारा, पण नव्या मशीनच्या किमतीपुढे तो फार छोटा असते. घेताना साध्या साटा केबलवर चालणारी घ्या, कारण तीच एसएसडी पुढे दुसरं मशीन घेतलं तर त्यातही लागते. रॅमचं मात्र तसं नाही. तुमच्या मशीनला डीडीआर३ रॅम लागते, आणि पुढे तुम्ही घ्याल त्या मशीनला डीडीआर४ लागेल, म्हणजे आज नव्या रॅमवर घातलेला पैसा पुढे कामाचा नाही. ४ जीबीची जुनी पट्टी कोणाकडे स्वस्तात भेटली तर लावा, नाही तर राहू द्या आणि एका वेळी ब्राउझरच्या चार-पाच टॅबच्या वर उघडू नका.

आणि एक गोष्ट जी तालुक्याच्या दुकानात बसून कोणाला सुचणार नाही. तुम्ही लिहिलं की त्याच खोलीत एका बाजूला कापूस भरून ठेवलाय, भाव यायची वाट पाहून राहिले. ताई, त्या कापसाची रुई आणि बारीक तंतू पंख्यात जाऊन बसतात. प्रोसेसरवरचा पंखा तुंबला की गरमी बाहेर पडत नाही आणि प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करते, वरून पाहणाऱ्याला वाटते मशीन म्हातारं झालं. कॅबिनेट उघडून पाहाच. लाईट पूर्ण काढा, पंखा बोटाने धरून ठेवा म्हणजे फिरणार नाही, आणि मऊ ब्रशने किंवा ब्लोअरने साफ करा. जमलं तर त्यावेळी थर्मल पेस्टही (प्रोसेसरची गरमी बाहेर न्यायला लावतात तो लेप) नवीन लावून घ्या. मग कॅबिनेट जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवा, कापसाच्या दुसऱ्या कोपऱ्यात. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या वर जाते, तेव्हा हे केलं नसेल तर नवं मशीनही असंच वागेल.

आता येऊ खऱ्या विषयाकडे, तो मेसेज. विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा सपोर्ट बंद केला. याचा अर्थ काय, तर बोअरच्या मोटरची कंपनी उद्यापासून मिस्त्री पाठवणं बंद करते, मोटर काही त्या दिवशी पाणी देणं बंद करत नाही. कॉम्प्युटर सुरू होते, प्रिंट निघते, क्रोम चालते. एज या आपल्या ब्राउझरला तर मायक्रोसॉफ्टने निदान ऑक्टोबर २०२८ पर्यंत विंडोज १० वर अपडेट देतो असं सांगितलंय. म्हणून "आता साईट उघडणारच नाही" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, त्यासाठी अजून वेळ आहे.

पण जे थांबलं ते छोटं नाही. विंडोजमध्ये दर महिन्याला नवीन भोकं सापडतात आणि दर महिन्याला ती बुजवणारे अपडेट येत होते, ते बंद झाले. यापुढे सापडलेलं भोक तुमच्या मशीनवर उघडंच राहील. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला, दवाखाने आणि कारखाने बंद पाडले. ज्या भोकातून तो घुसला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलेलं होतं. ज्यांनी ते घेतलं होतं त्यांच्याकडे तो त्या वाटेने शिरू शकला नाही, ज्यांच्याकडे अपडेट नव्हतं तेच त्यात सापडले.

इथे मला तुमच्याशी थोडं कडक बोलावं लागेल. घरी बसून गाणे ऐकणाऱ्या, पोरांचा अभ्यास पाहणाऱ्या माणसाने जुनं विंडोज वापरलं तर धोका त्याचा त्याला. तुमच्या कॉम्प्युटरमधून अख्ख्या गावाचे आधार, पासबुक, सातबारा, जातीचे दाखले जातात. लोक खिशातून कागद काढून तुमच्या हातात देतात, ओटीपी पण सांगतात. त्यांना विंडोज १० आणि ११ काही माहीत नाही, त्यांना तुम्ही माहीत आहात. म्हणून 'चालून राहिलं ना, मग चालू द्या' हे उत्तर मी दुसऱ्याला कदाचित दिलं असतं, तुम्हाला नाही देत. तुमच्यासाठी मशीनच्या वेगापेक्षा हे अपडेट जास्त महत्त्वाचे आहेत.

आणि ते मिळवायला आज पैसे लागत नाहीत, हे दुकानदाराने तुम्हाला सांगितलंच नाही. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापराच्या विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना ठेवली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. त्यात शिरायचे तीन रस्ते आहेत: मायक्रोसॉफ्ट अकाउंटला कॉम्प्युटरची सेटिंग जोडून ठेवली तर फुकट, नाहीतर त्यांचे १,००० रिवॉर्ड पॉइंट, नाहीतर ३० डॉलर. तुम्ही फुकटवालाच घ्या. सेटिंगमध्ये जा, 'अपडेट अँड सिक्युरिटी' मध्ये विंडोज अपडेट उघडा, तिथे नाव नोंदवायची लिंक दिसेल. ती दिसत नसेल तर आधी विंडोज १० चं २२एच२ हे शेवटचं व्हर्जन आहे का ते पाहा, नसेल तर सगळे राहिलेले अपडेट होऊ द्या, रात्री लावून ठेवा, नेट हळू असलं तर वेळ लागेल. एक काळजी घ्या, अकाउंट जोडताना डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट फोल्डरही ऑनलाईन ठेवू का असं विचारते, तिथे नाही म्हणा. फुकट जागा ५ जीबीच असते आणि लोकांचे कागद तुमच्या अकाउंटमध्ये चढवायची काही गरज नाही, सेटिंग तेवढी जाऊ द्या.

यात एक अडचण येऊ शकते आणि ती खुलून बोलतो, कारण आपल्याकडच्या कितीतरी सेंटरवर हे आहे. सेकंडहँड मशीनमध्ये विंडोज असली आहे का? 'अपडेट अँड सिक्युरिटी' मध्येच 'ॲक्टिव्हेशन' आहे, तिथे पाहा, आणि ज्याच्याकडून घेतलं त्याला विचारा की त्याने काय टाकून दिलं होतं. क्रॅक (परवान्याशिवाय विंडोज चालू करून देणारा चोरटा प्रोग्राम) टाकून चालू केलेलं असेल तर ते आधी काढा. क्रॅक टाकताना अँटिव्हायरस बंद करायला लावतात, त्यातून मशीनमध्ये आणखी काय शिरलं असेल हे सांगता येत नाही. कंपनीने विकलेल्या बऱ्याच जुन्या डेस्कटॉपला मुळात असली विंडोजचा परवाना असते आणि तो त्या मदरबोर्डशी जोडलेला असते, म्हणजे एसएसडी टाकून विंडोज १० नव्याने टाकलं तरी ते नेटला जोडल्यावर आपोआप चालू होते. नव्याने टाकायचंच असेल तर मायक्रोसॉफ्टच्याच साईटवरून घ्यायला सांगा, कोणाच्या पेनड्राईव्हमधून नको.

५०० रुपयात ११ टाकून देणाऱ्या पोराबद्दल. पोरगा हुशार असेल, करूनही देईल, 'हे मशीन ११ ला चालते का' ही तपासणी रुफस नावाच्या प्रोग्रामने टाळता येते हे खरं आहे आणि तुमच्या आय३ वर ते सुरूही होईल. पण मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितलंय की अशा मशीनला अपडेट मिळतीलच याचा भरवसा नाही, म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी ११ पाहिजे तीच गोष्ट पक्की नाही. शिवाय दर वर्षीचं मोठं अपडेट आपोआप येत नाही, पुन्हा तसंच हाताने टाकावं लागते. आणि ४ जीबी रॅम, साधी डिस्क, त्यावर ११ म्हणजे आज आहे त्याहून हळू. घरच्या मशीनवर हौस म्हणून करायला हरकत नाही. जूनमध्ये दाखल्यांची रांग लागली असताना दुकानाच्या मशीनवर असा प्रयोग अडून बसला तर तो पोरगा तेव्हा पुण्यात असेल. त्याला हे ५०० रुपये पंखा साफ करायला आणि एसएसडी बसवायला द्या.

मग ११ ला एवढं सगळं काहून पाहिजे, असा प्रश्न बऱ्याच जणांचा असते म्हणून सांगतो. ते ५ ऑक्टोबर २०२१ ला आलं तेव्हापासून त्याची अट आहे ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, यूईएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत) आणि सिक्युअर बूट, टीपीएम २.०, आणि ठरलेल्या यादीतला प्रोसेसर. रॅम आणि जागेची अट तर तुमचं मशीनही पूर्ण करते. अडते ते पुढचं. टीपीएम म्हणजे पासवर्ड आणि कुलूपबंद डेटाच्या चाव्या वेगळ्या जागी सांभाळणारी व्यवस्था, आणि सिक्युअर बूट म्हणजे मशीन सुरू होताना मधेच कोणी घुसलं नाही ना याची तपासणी. इंटेलमध्ये यादी साधारण आठव्या जनरेशनपासून सुरू होते, एएमडीमध्ये रायझनच्या २००० मालिकेपासून, त्यातलेही सगळे नाहीत. सातव्या जनरेशनची कितीतरी चांगली मशीन यामुळे बाहेर राहिली, आणि ते मला काही पटलेलं नाही, पण नियम तसा आहे.

ज्यांच्याकडे आठवी जनरेशन किंवा नवं मशीन आहे आणि तरी 'हा पीसी चालणार नाही' असं येऊन राहिलं, त्यांनी नवीन घ्यायच्या आधी थांबा. विंडोजचं बटण आणि आर दाबून टीपीएम, डॉट, एमएससी असं इंग्रजीत टाईप करा. तिथे टीपीएम सापडत नाही असं आलं तर ते बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये) नुसतं बंद असण्याचीच शक्यता जास्त, इंटेलच्या मशीनमध्ये ते पीटीटी नावाने असते आणि एएमडीमध्ये एफटीपीएम. चालू केलं की काम झालं. जुन्या पद्धतीने विंडोज टाकलेलं असेल तर डिस्कचं रूपांतरही करावं लागते, तेवढं जाणकाराकडून करून घ्या आणि आधी बॅकअप घ्या. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं फुकट ॲप नेमकं काय अडलं ते सांगते. कृषी केंद्राच्या किंवा दूध डेअरीच्या हिशोबाचा कॉम्प्युटर, ज्याला नेटच नाही, त्याला तर कशाचीच घाई नाही, फक्त बाहेरचा पेनड्राईव्ह लावू नका.

आता पैशाचं. ताई, मोटरचे २२ हजार मोटरलाच लावा. हरभऱ्याला पाणी आत्ता पाहिजे, कॉम्प्युटरला ऑक्टोबर २०२६ पर्यंत वेळ आहे. हप्त्याचा हिशोब तुम्ही केलाच असेल, तरी मांडतो, ३,१०० चे १८ म्हणजे ५५,८००, म्हणजे ४८ हजाराच्या वस्तूवर ७,८०० जास्तीचे, आणि फाईल चार्ज वेगळा मागत असेल तर तोही. आणि हप्ता दर महिन्याला जाते, तुमचं दुकान मात्र दर महिन्याला सारखं चालत नाही, जून-जुलैमध्ये ॲडमिशनचे दाखले आणि पीक विमा, मग थोडी शांतता, मग शिष्यवृत्तीचे फॉर्म. मार्चमधला हप्ता कुठून भराल?

माझ्या मते तुम्ही आत्ता सेल, सफाई, एसएसडी आणि ते फुकटचं अपडेट एवढं करा, आणि एप्रिल-मेमध्ये, म्हणजे कापसाचे पैसे हातात आल्यावर आणि जूनच्या गर्दीच्या आधी, नागपूर किंवा अमरावतीहून आठव्या जनरेशनचा किंवा त्याच्या पुढचा रिफर्बिश्ड डेस्कटॉप रोखीने घ्या. मोठ्या कंपन्या आणि बँका काही वर्षांनी आपले डेल, एचपी, लेनोवोचे डेस्कटॉप एकदम विकून टाकतात, तेच साफसूफ होऊन बाजारात येतात, नव्याच्या निम्म्यात किंवा त्याहून कमीत. घेताना 'आय७ आहे' या शब्दाला भुलू नका. डॅशच्या नंतरचा आकडा पाहा: आय७-३७७० ही तिसरी जनरेशन, विंडोज ११ ला चालत नाही, आणि आय३-८१०० ही आठवी, ती चालते. आकडा पाच अंकी असेल, जसं आय५-१०४००, तर पहिले दोन अंक जनरेशन सांगतात. दुकानातच मशीन सुरू करायला लावा, पीसी हेल्थ चेक चालवून दाखवायला सांगा, विंडोज ॲक्टिव्ह आहे का पाहा, पक्कं बिल आणि निदान सहा महिन्यांची वॉरंटी लिहून घ्या. बिल देत नसेल तर उठून या. मॉनिटर, कीबोर्ड, प्रिंटर तुमचाच चालते, पूर्ण सेट घ्यायची गरज नाही. फक्त मॉनिटर जुना व्हीजीए असेल तर मशीनला तसं पोर्ट आहे का किंवा कन्व्हर्टर लागेल का, ते तिथेच विचारून घ्या. पैसे कमी पडले तर बचत गटातून थोडे घ्या, गटाचं व्याज निदान तुमच्याच गावात राहते.

गिऱ्हाईकाचं मला जरा वेगळं वाटते. तुम्ही गृहीत धरून चालल्या की लोक नवा लॅपटॉप पाहून तिकडे गेले. असेलही. पण तुम्ही कोणाला विचारलं का? पोर्टल हळू असते तेव्हा ते तिथेही हळूच असते, सर्व्हर डाऊन झाला की नवा लॅपटॉप काय करेल. पुढच्या वेळी अडकलं की तीच साईट मोबाईलवर उघडून पाहा, मोबाईलवरही अडकली तर दोष कॉम्प्युटरचा नाही, आणि तसं समोरच्या माणसाला दाखवूनही द्या. दोन-चार जुन्या गिऱ्हाईकांना, विशेष करून ज्या बाया नवऱ्याला न सांगता आपल्या खात्याचं काम करायला तुमच्याकडे येत होत्या त्यांना, सरळ विचारा. कदाचित ते सेंटर रात्री उघडं राहत असेल, कदाचित उधार ठेवत असेल, कदाचित सकाळी तुमच्या दारात त्या घड्याळाच्या भानगडीमुळे कोणी उभं राहून परत गेलं असेल. कारण कळल्याशिवाय पैसा घालू नका.

घरचे दुकान बंद कर म्हणतात त्यावर मी बोलायचा अधिकारी नाही, पण एक गोष्ट खटकली. पत्रात मशीनचा पूर्ण तपशील आहे, हप्ता आहे, मोटरची किंमत आहे, आणि दुकान महिन्याला किती देते हे कुठेच नाही. मला वाटते तुम्ही ते कधी लिहूनच ठेवलं नाही, आलं की भाजीत गेलं, पोरांच्या वह्यांत गेलं. एक वही करा, कागद, शाई, नेट, लाईट हे सगळं वजा करून रोज रात्री काय उरलं ते लिहा, महिनाभर. मग ती वही घरच्यांसमोर ठेवा. आकडा चांगला निघाला तर बोलायला तुमच्याकडे काहीतरी राहील, आणि नाही निघाला तरी ते तुम्हाला हप्ता घ्यायच्या आधी कळलेलं बरं.

तोपर्यंत एक सवय आजपासून लावा, मशीन कोणतंही असो. काम झालं की गिऱ्हाईकाचे आधार-पॅनचे पीडीएफ डाउनलोडमधून काढा आणि रिसायकल बिनही रिकामं करा. कोणाचाही पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह करू नका. लोकांना कागद व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगत असाल तर ते चॅटही साफ करा. 'तुमचं विंडोज संपलं, या नंबरवर फोन करा' असं काही स्क्रीनवर आलं तर ती सरळ फसवणूक आहे, मायक्रोसॉफ्ट स्क्रीनवर फोन नंबर देऊन बोलावत नाही. आणि गावात कोणाच्या खात्यातून पैसे गेले तर १९३० हा नंबर लगेच लावून द्या, तिथे जितकं लवकर सांगितलं तितकी पैसे अडवायची आशा जास्त.

पोराबद्दल, हो, जुना कॉम्प्युटर त्याला नक्की द्या, नवीन आल्यावर. त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट नावाची दुसरी सिस्टम टाका, ते फुकट आहे, २ जीबी रॅमवरही चालते आणि ४ जीबीवर बरं चालते, आणि त्याला अपडेट येत राहतात. त्याची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती घ्या. आठवीच्या पोराला लिहायला, व्हिडिओ पाहून शिकायला, पायथनमध्ये प्रोग्राम लिहायला शिकायला ते भरपूर आहे, आणि मराठी टायपिंग पण होते. तुम्ही विचाराल की मग दुकानातच लिनक्स काहून नाही, तर ते जमणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे. अंगठ्याचं मशीन, डिजिटल सिग्नेचरचा टोकन, टॅली, या सगळ्यांचं गणित विंडोजवर बसलेलं आहे, आणि तुमच्याकडे तो कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर आहे म्हणता, त्याला लिनक्सवर चालू करणं फार त्रासाचं काम आहे. कृतीदेव किंवा शिवाजी फॉन्टमध्ये केलेले जुने अर्जही तिकडे फॉन्ट नेल्याशिवाय वाचता येणार नाहीत.

फक्त पोराला देताना जुनी हार्डडिस्क त्यात ठेवू नका. तिच्यात काही वर्षांचे गावाचे कागद आहेत, आणि नुसतं डिलीट केलं किंवा झटपट फॉरमॅट मारलं तरी ते परत काढता येतात. एसएसडी तुम्ही आत्ता टाकणारच आहात, नवीन मशीन येईल तेव्हा पोराच्या कॉम्प्युटरमध्ये तीच राहू द्या, तिच्यावरचं सगळं पुसून मिंट टाकून घ्या. नव्या मशीनमध्ये एसएसडी आधीच असेल, नसेल तरच ही तिकडे हलवा आणि पोरासाठी दुसरी पाहा. जुनी फिरती डिस्क काढून कपाटात ठेवा, त्यातलं तुमच्या घरचं काही पाहिजे असेल ते उतरवून घ्या, आणि मग तिला पूर्ण फॉरमॅट मारायला लावा, झटपटवालं नाही. तासन्‌तास लागतात, लागू द्या. भंगारवाल्याला ती डिस्क तशीच कधी देऊ नका, आणि ज्यांनी ज्यांनी आपली जुनी मशीन आधीच विकायला काढली आहेत त्यांनीही आज जाऊन डिस्क आधी काढून आणा.